सगुणाबाईचा राहिलेला धवला

पालेगावातली निम्मी लग्नं सगुणाबाईनं लावली होती. तिचं स्वतःचं मात्र, तिच्या मते, अजून लागायचं होतं. नवरा घरातच होता. सकाळची उन्हं अंगावर घेत तो ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसलेला असायचा. मुलं झाली, सुना आल्या, नातवंडं कॉलेजात गेली, तरी ही एक गोष्ट तिच्या मनात घर करून होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. सांगायची तरी कुणाला? पासष्टी ओलांडलेल्या बाईनं ‘माझं लगीन राहिलंय’ म्हटलं, तर लोक तिला डॉक्टरकडे नेतील, मांडवाकडे नव्हे.

तर त्याचं असं झालं होतं. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. धवलारीण म्हणजे गाऊन लग्न लावणारी बाई. ती मांडवात पाटावर बसते, डोक्यावरून पदर घेते आणि एकेका देवाला नाव घेऊन बोलावते. मांडवाच्या खांबाला तिचं गाणं लागतं, हळदीला लागतं, तेलाला लागतं. आणि सगळ्यात शेवटी, नवरीचा हात नवऱ्याच्या हातात देताना, ती एकटी जे गाते तो खरा धवला. त्यात दोघांची नावं येतात, आईबापांची येतात, गावांची येतात. मग हॉल एसी असो, भटजी मोटारीतून येवो, स्टेजवर धूर सोडणारं मशीन असो, धवला झाला नाही तर जुन्या माणसांच्या जिवाला चैन पडत नाही.

सगुणाबाईची आई गोजरबाई ही नेवाळीची धवलारीण. मलंगगडाच्या पायथ्यापर्यंतच्या गावांतून तिला बोलावणं यायचं. लहानगी सगुणा तिच्याबरोबर जायची, आणि गाणं ऐकता ऐकता आईच्या मांडीवरच झोपून जायची. आईच्या पोटाला कान लावून ऐकलेलं गाणं निराळंच असतं. ते आधी अंगाला कळतं आणि मग कानाला. सगुणाला जाग आली की मांडवातले दिवे धूसर दिसायचे, कुणाचा तरी हिरवा चुडा चमकायचा आणि आईचं पोट हळूहळू वरखाली होत असायचं. धवले तिला कुणी शिकवले नाहीत. ते त्या झोपेतच पाठ झाले.

आणि त्याच गोजरबाईला आपल्या लेकीच्या लग्नात गाता आलं नाही. सगुणाचा सासरा बाळाजी अंबरनाथच्या एका कारखान्यात मुकादम होता. चार साहेबलोकांत वावरल्यामुळे त्याला सुधारणेची भारी हौस. त्यानं कल्याणहून भटजी आणला, भाड्यानं कर्णा आणला आणि भर मांडवात सांगून टाकलं की आमच्या घरात बायका लगीन लावत नाहीत. मुलीकडच्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. मुलीकडच्यांना दुसरं काय करता येतं? गोजरबाई पाटावरून उठली आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिली. तिनं पदर तोंडावर धरला होता. कर्ण्यातून मंगलाष्टकं पार टेकडीपर्यंत गेली, अक्षता पडल्या आणि लगीन लागलं. निदान सगळ्यांना तसं वाटलं.

पहिल्या माहेरपणाला सगुणानं आईला विचारलं, “आये, माझा धवला राहिला ना गो?”

गोजरबाई तांदूळ पाखडत होती. सुपावरची नजर न काढता ती म्हणाली, “राहिला तं राहिला. तू सुखी हाईस ना?”

सुखी तर ती होती. नवरा हरिचंद्र साधा, कमी बोलणारा, बायकोवर कधी आवाज न चढवणारा माणूस होता. सगुणानं मान हलवली.

“मंग झाला तं,” गोजरबाई म्हणाली, आणि पुन्हा पाखडू लागली. काही वर्षांनी ती गेली. जाताना त्या दिवसाबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही.

पुढे पालेगावची म्हातारी धवलारीण थकली, तेव्हा लोक सगुणाकडे आले. बाळाजीचा सुधारणेचा ताप तोवर उतरला होता. त्याच्याच धाकट्या लेकाच्या लग्नात सगुणानं धवले गायले, आणि म्हातारा डोळे मिटून, मान डोलावत ऐकत बसला. त्या दिवशी सगुणाला त्याचा इतका राग आला की तिनं एक कडवं मुद्दाम चढ्या आवाजात म्हटलं. त्याला ते फारच आवडलं.

आता कुणी म्हणेल, एवढं गाता येत होतं तर स्वतःचा धवला स्वतःच गाऊन मोकळं व्हायचं. पण तसं चालत नाही. जी गाते ती नवरी नव्हे, आणि जी नवरी तिनं मान खाली घालून, तोंड मिटून ऐकायचं असतं. एका बाईला दोन्हीकडे बसता येत नाही. म्हणून मग सगुणाबाई दुसऱ्यांच्या लेकींची लग्नं लावत राहिली. प्रत्येक वेळी हातात हात द्यायची घटका आली की ती मनातून हळहळायची.

मग भिंत आली. पालेगावची भातखाचरं एकेक करून विकली गेली आणि तिथे फ्लॅटांचे मनोरे उभे राहिले. मनोऱ्यांना कुंपण हवं, म्हणून गावाच्या रस्त्याला लागून एक लांबच लांब भिंत झाली. सगुणाबाईच्या ओटीवरून पूर्वी वाऱ्यानं हलणारं भात दिसायचं, आता करडं सिमेंट दिसू लागलं. एक दिवस पाहते तर भिंत पांढरीशुभ्र. दुपारच्या उन्हात तिच्याकडे बघवेना. आणि त्या पांढऱ्यासमोर एक मुलगी, डोक्याला रुमाल बांधून, खडूनं बायकांच्या आकृत्या काढत होती.

मुलीचं नाव जिज्ञासा. ती उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये राहायची आणि भिंती रंगवणं हाच तिचा धंदा होता. मनोऱ्यांतल्या लोकांना भिंतीवर काहीतरी छान हवं होतं. मोर चालले असते, फुलपाखरं चालली असती. पण जिज्ञासानं गावात विचारलं की इथलं गाणं कोणतं, आणि गावानं तिला सगुणाबाईच्या ओटीवर आणून बसवलं.

“आजी, ही भिंत नुसती बघायची नाही, वाजवायचीपण,” ती म्हणाली. “चित्रात जागोजागी तांब्याच्या पंजांच्या जोड्या बसवणार. एकाने एका पंजावर हात ठेवायचा, दुसऱ्याने दुसऱ्यावर, आणि मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. सर्किट पूर्ण झालं की गाणं सुरू. हात सोडला की बंद.”

“करंट बसला तं?” सगुणाबाईनं विचारलं.

तारांचं काम मुकेशकडे होतं. कॅम्प चारमध्ये त्याचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. तो शिडीवरून म्हणाला, “माई, टेन्शन नको घेऊ. करंट जराभी लागत नाही. मी स्वतः टेस्ट केलाय ना, बायकोला पकडून.”

सगुणाबाईला ती कल्पना आवडली. तिनं आळीतल्या बायका जमवल्या आणि ओटीवर बसून त्यांनी सगळ्यांनी मिळून हळदीची गाणी गायली, तेलाची गायली, मांडवाची गायली. जिज्ञासानं ती यंत्रात भरून घेतली. इकडे भिंतीवर रंग चढत होता. आधी मांडव आला, मग त्याची हिरवी पानं, मग हळदीनं माखलेल्या बायका, पाटावर बसलेली एक म्हातारी आणि मधोमध नवरानवरी. दुपारी जेवण झाल्यावर सगुणाबाई ओटीवर आडवी व्हायची. डोळा लागतालागता तिला वाटायचं की भिंतीवरच्या बायका हळूच कुशीवर वळतायत, एकमेकींच्या कानात बोलतायत. ओल्या रंगावरून ऊन सरकायचं, त्यांचे चेहरे उजळायचे आणि मिटायचे. ती त्यांच्याकडे बघत झोपी जायची आणि त्या तिच्याकडे बघत जाग्या राहायच्या.

गडबड झाली ती मुकेशनं तारा जोडल्यावर. मनोऱ्यातली दोन पोरं, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ, शाळेच्या कपड्यांतच येऊन भिंतीशी खेळू लागली. हळदीच्या पंजांवर हात ठेवले, हात धरले, आणि भिंतीतून बायकांचा आवाज बाहेर पडला. पोरं हरखली. मग बहीण भावाला ओढत मधल्या चित्राकडे घेऊन गेली. तिथे नवरीचा एक पंजा होता, नवऱ्याचा एक. दोघांनी हात ठेवले, एकमेकांचे धरले.

“दीदी, ये वाला चालत नाही,” मुलगी म्हणाली.

“अजून रेकॉर्ड नाही झालंय,” जिज्ञासानं सांगितलं. “तिथे आजींचा मेन धवला येणार.”

सगुणाबाई ओटीवरून उठली ती पदर सावरतच. ती रस्ता ओलांडून भिंतीशी आली आणि तिनं त्या पोरांचे हात सोडवले. पोरं बावरून पळाली.

“काय झालं, आजी?”

“भावाभैनीचा हात हातात, आनी वर माझा धवला? लगीन लागंल ना गो त्यांचा.”

मुकेश हसला. “माई, टेपनं कधी शादी होते काय?”

कर्ण्यानं झालेली शादी चालली ती कशी, हे सगुणाबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. “हलदीचा गाना येगला,” ती म्हणाली. “ते कुनीबी आयकावा. हाताचा धवला तसा नाय. माझी आयस सांगायची, बिननावाचा धवला मोकला सोरत नाय. जो हात मिलंल त्यालाच तो धरून बसतं.”

जिज्ञासा हसली नाही. तिनं रंगाचा ब्रश पाण्यात बुडवला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, “मग नाव घालूनच गा ना. ज्यांची नावं, त्यांनाच लागेल. बाकीच्यांनी कितीही हात धरले तरी त्यांना काही नाही. बरोबर?”

हे सगुणाबाईला सुचलं नव्हतं. तिनं मनातल्या मनात ते उलटसुलट करून पाहिलं. पोरगी बरोबर बोलत होती.

“पन कुनाची नावां?” तिनं विचारलं.

“ते तुम्ही ठरवा. आणि नाहीच जमलं तर काही हरकत नाही आजी, खरंच. मधले पंजे मुके ठेवू.”

जिज्ञासानं ते अगदी सहज म्हटलं होतं, पण सगुणाबाईला ते लागलं. मधे नवरानवरी उभे, भोवती सगळ्या बायका गातायत, आणि हातात हात द्यायची घटका तेवढी मुकी. असा मांडव तिनं एकदा पाहिला होता.

चारपाच दिवस ती नावं शोधत राहिली. भाजी निवडताना, दळण आणताना, देवीच्या देवळात. ज्यांची लग्नं तिनं स्वतः लावली होती त्यांची नावं घेता येईनात, कारण लागलेल्या लग्नावर दुसऱ्यांदा धवला म्हणायचा नसतो. बिनलग्नाच्या मुलींचा तर प्रश्नच नव्हता. नात तेजस्वी म्हणाली, “आजी, काय पण नाव टाक ना, राहुल आणि पूजा टाक.” पण खोट्या नावानं देवांना बोलावलं तर ते कुणाच्या मांडवात जाणार? उगाच गावभर हिंडतील आणि चिडून परत जातील.

एका रात्री जेवणं आटोपल्यावर तेजस्वीनं टीव्हीवर कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग लावलं. त्यात सगुणाबाई होती. पाटावर बसून गात होती. पण शूटिंगवाल्यानं तिच्या आवाजाच्या जागी सिनेमातलं गाणं बसवलं होतं. असं नेहमीच व्हायचं. कितीतरी लग्नांत तिचं तोंड हललं होतं, आणि घरोघरच्या त्या शूटिंगांत तिच्या तोंडून कुठल्या कुठल्या नटीचं गाणं येत होतं. स्वतःचा धवला बाहेरून कसा ऐकू येतो हे तिला ठाऊकच नव्हतं. गाताना तो तिला आतून यायचा, आणि मांडवात डीजेच्या गोंगाटातून बाहेर काय पोहोचायचं ते देव जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर तिचा डोळा लागला आणि तिला स्वप्न पडलं. भिंतीवरच्या बायका खाली उतरल्या होत्या. त्यांच्या पावलांचा रंग ओला होता, रस्त्यावर पिवळे, हिरवे ठसे उमटत होते. त्या तिच्याभोवती गोल करून बसल्या आणि ‘गा’ म्हणून खुणावू लागल्या. तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. भुवयांवर काहीतरी गुदगुल्या करत होतं. तिनं हात लावून पाहिलं तर कपाळाला मुंडावळ्या बांधलेल्या. तेवढ्यात तिला जाग आली. हात अजून कपाळावरच होता, आणि समोर भिंतीवर ऊन तिरपं झालं होतं.

ती तशीच पडून राहिली. मग तिला हळूहळू, भात शिजताना झाकण हलू लागतं तसं, उलगडत गेलं. पालेगावात एक जोडपं होतं, ज्यांच्या हातांवर धवला झालाच नव्हता. त्यांची नावं घ्यायला कसलीच आडकाठी नव्हती. आणि गाणं एकदा भिंतीत गेलं की गाणाऱ्या बाईला पाटावर बसायची गरज नव्हती. तिला दुसऱ्या बाजूला जाऊन उभं राहता येणार होतं. मान खाली घालून, तोंड मिटून. सगुणाबाई उठून बसली. तिचे कान तापले होते. या वयात लाज वाटायला अजून शिल्लक आहे याची तिलाच गंमत वाटली.

पण नवऱ्याला विचारल्याशिवाय लगीन कसं लावायचं? हरिचंद्र परसात मेथीला पाणी घालत होता. ती वाफ्याच्या बांधावर जाऊन बसली.

“आयकता का,” ती म्हणाली. “भितीवर नावां कुनाची घ्याची, त्ये ठरला.”

“कुनाची?”

“तुमची आनी माझी.”

हरिचंद्रानं झारी खाली ठेवली. “म्हंजे परत लगीन? आता कुटं सुटाची येल आली व्हती, तं परत आडकवतंस मना?”

“परत नाय,” सगुणाबाई म्हणाली. आणि मग इतक्या वर्षांत जे बोलली नव्हती ते तिनं मेथीच्या वाफ्याकडे बघत एका दमात सांगून टाकलं. आईचं पाटावरून उठणं, पदर, कर्णा, आणि नंतर दर लग्नातलं ते हळहळणं.

पाणी मातीत मुरत होतं. “मी तवा बगतच बसलो,” हरिचंद्र म्हणाला. “बापूस बोलला आनी मी मुंडावल्या सारल्या, बास. तुझी आयस खांबाशी उबी व्हती त्ये मना आजून दिसतं.” त्यानं झारी उचलली. “घे नाव. सादा हरिचंद्र नको बोलू, बापासंगाती घे. बालाजीचा हरिचंद्र. त्यालाबी आयकूदे.”

गाणं भरून घ्यायला जिज्ञासा तिला कॅम्प चारला घेऊन गेली. मुकेशच्या दुकानामागे त्याच्या मेहुण्याचं जीन्सचं गोदाम होतं. जमिनीपासून छतापर्यंत निळ्या कापडाचे तागे रचलेले. बाहेर शिलाई मशीनं घरघरत होती, टेम्पो हॉर्न मारत होते, पण आत आलं की सगळं थांबायचं. जिज्ञासानं मधे एक खुर्ची ठेवली. सगुणाबाईनं ती बाजूला सारून पाट मागितला. पाट कुठून मिळणार? शेवटी एका ताग्यावरच तिनं बसकण मारली.

पदर डोक्यावर घेऊन तिनं डोळे मिटले. आवाज काढला तो कुठेच आदळून परत आला नाही. पेंढ्याच्या उडव्यात तोंड खुपसून गावं तसं वाटलं. तिनं देवांना बोलावलं, गावदेवीला बोलावलं, डोंगरावरच्या एकवीरेला बोलावलं. आणि मग नावं आली.

“नेवालीच्या गोजराईची लेक गो सगुणा,
हात तिचा दिला बालाजीच्या हरिचंद्राला…”

आईच्या नावाशी ती अडखळली. पण धवला मधे तोडायचा नसतो. आवाज जाड झाला, घोगरा झाला, तरी ती गात राहिली आणि शेवटच्या शब्दापर्यंत गेली.

मुकेश दारात उभा होता. जिज्ञासानं हेडफोन पुढे केला. “ऐकता का, आजी?”

“नको,” सगुणाबाई म्हणाली. “नवरीनं आदी आयकाचा नसतं.”

जिज्ञासानं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं हेडफोन गळ्यात अडकवला.

भिंतीच्या उद्घाटनाला माणसं जमली, फिती कापल्या गेल्या, भाषणं झाली. सगुणाबाई गेली नाही. सूनबाईला सांगितलं, पाय दुखतोय. आळीतल्या बायका सांगत आल्या की मधल्या पंजांशी रांग लागलीय, काय गातेस गो सगुणे, आम्हांला रडू आलं. तिनं दार ओढून घेतलं, टीव्हीचा आवाज वाढवला आणि कानांवर हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच उठली. बाहेर धुकं इतकं होतं की मनोरे तिसऱ्या मजल्यापर्यंतच होते, वर नुसतं दूध. हरिचंद्रानं न सांगता इस्त्रीचा सदरा घातला होता आणि डोक्यावर टोपी. ती कपाटातली हिरवी साडी नेसली होती. दोघं रस्ता ओलांडून गेली तेव्हा रस्त्यावर कुणीच नव्हतं. एक कुत्रा तेवढा भिंतीला अंग टेकून झोपला होता. धुक्यात रंग भिंतीवरून सुटून पुढे आल्यासारखे दिसत होते. पिवळ्या बायका, हिरवा मांडव, दोघांच्या अवतीभवती.

हरिचंद्रानं पंजावर हात ठेवला. तांबं गार होतं. तिनं तिच्या बाजूच्या पंजावर ठेवला. मग दोघंही थबकली. इतका संसार केला, पण रस्त्यावर उभं राहून एकमेकांचा हात धरायचा प्रसंग कधी आला नव्हता.

“दे,” हरिचंद्र म्हणाला.

तिनं हात दिला.

सगुणाबाई आपल्या आवाजाची वाट बघत होती. आपण कुठे चुकलो, कुठे घसरलो, हे ऐकायची तिनं तयारी ठेवली होती. भिंतीतून आधी एक श्वास आला. मग गाणं सुरू झालं.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. पण तिचा नव्हता. तिच्या आत जो आवाज राहत होता तो पातळ, तरुण होता. हा जाड होता, दमदार होता, ओळ संपताना किंचित नाकात जात होता आणि नवरीच्या नावाआधी थांबून श्वास घेत होता. असा श्वास जगात एकच बाई घ्यायची. सगुणाबाईला मांडवातले धूसर दिवे दिसले, आणि कानाशी वरखाली होणारं आईचं पोट जाणवलं. तिला वाटलं, आपल्यालाच भास होतोय. तिनं हळूच हरिचंद्राकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. लग्नाआधी कितीतरी मांडवांत त्यानं तो आवाज ऐकला होता.

“गोजराय,” तो म्हणाला. “सगुणे, तुझी आयस गातेय.”

सगुणाबाईच्या गळ्यातून हुंदका आला. लग्नाच्या त्या दिवशी ती रडली नव्हती, नंतरही नव्हती. आता तिला आवरेना. डोळे पुसायला तिनं त्याच्या हातातला हात सोडवू पाहिला, तशी हरिचंद्रानं तिची बोटं घट्ट आवळली.

“सोरू नको,” तो म्हणाला. “सोरलास तं ती गप व्हईल.”

तिनं दोन्ही हात होते तिथेच ठेवले. आसवं गालांवरून वाहत राहिली. तिनं मान खाली घातली, तोंड मिटून घेतलं, आणि आईचं गाऊन होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.